नेमकं कुठून लांब?

ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये भाचीचा साखरपुडा होता. अंगठ्या घालून झाल्या, फोटो काही संपेनात, आणि मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन आमचे भाऊजी चार माणसांच्या घोळक्यात रंगले होते. विषय नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा. "झालं हो झालं, छान झालंय म्हणतात. पण लांब फार. तिकडे जाऊन विमान पकडायचं म्हणजे जवळजवळ अर्धं पुणं गाठल्यासारखंच की!" सगळे हसले. भाऊजींचं टायमिंग चांगलं आहे, त्यामुळे मीही हसले. भाऊजी गिरगावातले, त्यांचे वडीलही गिरगावातले. कुर्ल्याच्या पुढे त्यांना एकदम मोकळं-मोकळं वाटायला लागतं. ताई लग्न होऊन तिकडे गेली तेव्हापासून माझं माहेर-सासर सगळं त्यांच्या लेखी 'तुमच्या तिकडे' आहे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसून कोपरखैरण्याला परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. लांब आहे हे कबूल. पण कुठून?

त्यांचं तसं चुकत काहीच नव्हतं. गिरगावात आता त्यांच्या घराखालीच मेट्रोचं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये तीन नंबरची मेट्रो पार कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून भाऊजी सरकत्या जिन्याने खाली उतरतात, गारेगार डब्यात बसतात आणि थेट सहारच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, टी-टू टर्मिनलच्या स्टेशनवर वर येतात. गाडी बदलायला नको, सिग्नल नको, घाम नको. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहराला शोभेल अशी ही सोय आहे, आणि ती झाली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांना ती मिळण्याआधीची तीसेक वर्षं आम्ही खाडीपलीकडची माणसं त्याच सहारला जात होतो. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, की बाई गं, तुम्हाला लांब पडत नाही का?

कोपरखैरण्यात राहणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर विमान पूर्वेकडून उतरणार असेल, तर ते आधी आमच्या डोक्यावरून जातं. वाशी आणि कोपरखैरण्याच्या मधून ते खाडीवर येतं, पलीकडे घाटकोपर, कुर्ला, की टेकलंच. खिडकीची जागा मिळाली की मी लहान मुलासारखी काचेला नाक लावून बसते. आधी पारसिकचे डोंगर, मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचे पत्रे, मग आमच्या सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या ओळी, त्यांच्यावर एकावर एक चढलेले मजले, प्रत्येक गच्चीवर काळी नाहीतर पांढरी पाण्याची टाकी. आमची निळी ताडपत्री मी खात्रीने ओळखते असं मुलगा म्हणतो आणि हसतो. तिथून चाक जमिनीला लागायला तीन-चार मिनिटं पुरतात. त्यानंतर बॅग येईपर्यंतचा वेळ, टॅक्सीची रांग, साकीनाका, घाटकोपर, मानखुर्द, वाशीचा पूल. टोल असताना नाक्यावरची रांग वेगळी. दिल्लीहून इथवर यायला दोन तास लागले, आणि नुकतंच वरून पाहिलेलं घर गाठायला कधीकधी तेवढेच.

वैमानिकाने मधेच एक शिडी सोडली असती तर बरं झालं असतं.

सहारची माझी सगळ्यात जुनी आठवण मामाची आहे. मामा मस्कतला नोकरीला होता आणि आखाताची विमानं, का कोण जाणे, नेहमी अपरात्रीचीच असत. संध्याकाळीच घरात गडबड सुरू व्हायची. आई पुरणाच्या पोळ्या दुधाच्या हाताने पुसून केळीच्या पानात बांधायची, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक. मसाल्याचा डबा चिकटपट्टीने इतका गुंडाळलेला असायचा की तिकडे मामाने तो कसा उघडला असेल याची मला काळजी वाटायची. ओळखीच्यांची मॅटाडोर सांगितलेली असे आणि तिच्यात एका प्रवाशाला पोचवायला दहा-बारा माणसं. वाशीच्या पुलावर खारट वारा आत यायचा आणि आजी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायची. चेंबूरच्या रिफायनरीची ज्योत दिसली की आता अर्धं अंतर झालं असं आम्ही मुलं ठरवून टाकलेलं. पोचल्यावर पाहण्यासारखं काय, तर एक काच. काचेपलीकडे मामा ढकलगाडी लोटत लहान-लहान होत जायचा आणि मामी, आजी, शेजारच्या काकू सगळ्या काचेला हात लावून उभ्या. परतताना मॅटाडोरमध्ये कुणी बोलायचं नाही. चेंबूर नाक्यावर चहा व्हायचा. पहाट झालेली असायची, आणि आमचे बाबा तिथून घरी न जाता परस्पर तुर्भ्याला मार्केटात उतरायचे.

बाबा भाजी मार्केटात दिवाणजी होते. मार्केट आधी भायखळ्याला होतं. कांदा-बटाटा १९८१ साली वाशीच्या बाजाराला आला, मसाला आणि धान्य मागाहून, आणि भाजीपाला-फळं १९९६ साली. बाबा सांगायचे, स्थलांतराचं नाव काढलं की गाळ्यागाळ्यावर एकच ओरड असायची: लांब आहे, तिकडे कोण येणार माल उचलायला! गिऱ्हाईक तुटेल, हमाल येणार नाहीत, भाजी वाटेतच सुकेल. मग एक दिवस गाड्या इकडे लागायला लागल्या. ट्रक नाशिकहून येणार, पुण्याहून येणार, जुन्नर-मंचरहून येणार; त्यांना भायखळ्याच्या बोळात शिरण्यापेक्षा तुर्भे सोपं होतं. ओरड करणाऱ्यांनी दोन-चार वर्षांत इथेच फ्लॅट घेतले. माथाडी कामगारांची तर आमच्या कोपरखैरण्यात वसाहतच उभी राहिली. भायखळ्याचं मार्केट 'जवळ' होतं ते दादर-परळच्या माणसाला. मालाला ते कधीच जवळ नव्हतं.

मार्केट आलं, मंत्रालय आलं नाही. गोष्टीची खरी गाठ तिथे आहे. १९६५च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं होतं, की मुंबई उत्तरेकडे शेपटीसारखी लांबत चालली आहे. खाडीपलीकडे नवं शहर करा आणि सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, माणसं आपोआप मागे येतील. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, बेलापूरला सीबीडी, म्हणजे शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग, असं नावही दिलं गेलं. त्याच काळात तिकडे दक्षिणेला समुद्रात भराव टाकून नरिमन पॉइंटच्या इमारती उठत होत्या. ज्यांनी इकडे यायचं ते तिकडेच अधिक घट्ट बसले. खुद्द सिडकोचं नोंदणीकृत कार्यालय कुठे, तर निर्मल, नरिमन पॉइंट. हा पत्ता मी पहिल्यांदा एका कागदावर वाचला तेव्हा हसावं की काय करावं ते कळेना. नाव आमच्याकडे आलं आणि केंद्र तिथेच राहिलं. त्यामुळे इथली प्रत्येक गोष्ट आजही फोर्टात उभं राहून मोजली जाते. पुण्याहून, पनवेलहून, खोपोली-कर्जतहून, अलिबाग-पेणहून, डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्या माणसाला हे विमानतळ सहारपेक्षा जवळ आहे की लांब, हे भाऊजींच्या घोळक्यात कुणाला विचारावंसं वाटलं नाही. अगदी ठाण्याच्या हॉलमध्ये उभं राहूनसुद्धा!

पण भाऊजींना उत्तर द्यायचं तर नुसता अभिमान पुरत नाही. नवं विमानतळ बांधलं म्हणजे ते आपोआप शहराचं होतं, असं नाही. कॅनडात माँट्रियलकरांनी ही हौस करून पाहिली. १९७५ साली त्यांनी मिराबेल नावाचं भलंथोरलं विमानतळ सुरू केलं. त्यासाठी शेकडो चौरस किलोमीटर शेतजमीन घेतली. परदेशी विमानं मिराबेलला आणि देशांतर्गत विमानं जुन्या डोरव्हालला, अशी वाटणी झाली. म्हणजे एका विमानातून उतरून दुसरं धरायचं, तर आधी बसने दुसरं विमानतळ गाठा. शहरातून तिथवर जी रेल्वे यायची होती ती आलीच नाही, महामार्गही ठरला तसा पुरा झाला नाही. जुनं विमानतळ जवळ होतं आणि चालू होतं. लोक तिकडेच जात राहिले. २००४मध्ये मिराबेलहून प्रवाशांचं शेवटचं विमान गेलं आणि २०१४मध्ये ती टर्मिनलची इमारत पाडायला घेतली. घेतलेल्या जमिनीतली बरीचशी पुढे शेतकऱ्यांना परत केली म्हणे, पण एकदा उठलेलं शेत परत मिळणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. सहार आणि उलव्याचं हे नवं विमानतळ अशी आपलीही आता जोडी झाली आहे. दोन्हींच्या मधली आठ नंबरची मेट्रो अजून कागदावर आहे. मिराबेलची हकिकत वाचल्यापासून त्या कागदाची मला जरा धास्तीच वाटते.

उलट हाँगकाँग. तिथलं जुनं काई टाक विमानतळ इतकं शहरात होतं की विमानं काउलूनच्या घरांच्या छपरांवरून वळून उतरत. १९९८मध्ये ते एका रात्रीत बंद झालं आणि सगळा कारभार चेक लाप कोकला गेला. लांबच आहे ते, एक बेट सपाट करून, समुद्रात भर घालून केलेलं. पण विमानतळाबरोबर आगगाडीही त्याच वर्षी तयार होती. चोवीस मिनिटांत शहराच्या मध्यावर. शिवाय बॅगा शहरातल्या स्टेशनवरच विमान कंपनीच्या ताब्यात द्यायच्या आणि हात हलवत फिरायचं! दिल्लीत नवी दिल्ली स्टेशनवरून विमानतळाच्या मेट्रोत बसताना ही बॅग आधीच देऊन टाकायची सोय मी बघितली आणि खरं सांगते, ताजमहाल बघून झाला नव्हता इतका हेवा वाटला. किलोमीटर कुणी मोजत नाही. बॅग किती वेळा उचलावी लागते, ते मात्र खांदा मोजतो.

म्हणून एका रविवारी मी बॅग न घेताच नव्या विमानतळाजवळच्या तरघर स्टेशनला जाऊन आले. कोपरखैरण्याहून पनवेल गाडीने नेरूळ, तिथे उरणची गाडी. आमच्या लाइनला गाडी चुकली तर दुसरी येते. उरणच्या गाडीची वेळ मात्र बघूनच घराबाहेर पडावं लागतं. नेरूळच्या बाकावर बसले होते तर शेजारी एक आगरी आजी, मांडीवर टोपली, टोपलीवर ओलं फडकं, आत बोंबील. पलीकडे चाकांच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन एक तरुण जोडपं, दर मिनिटाला मोबाइलवर नकाशा मोठा करून बघणारं. गाडी आली. सीवूड्स सोडलं की गाडी खाडीच्या अंगाला येते आणि एकदम उजेड होतो. तिवरं, चिखल, मधे पांढरे बगळे आणि उघड्या दारातून येणारा तो कुजका-खारट वास, जो बाहेरच्यांना नकोसा होतो आणि आम्हाला घर आल्याचं सांगतो. तरघर स्टेशन प्रचंड आहे. छप्पर उंच, फरशी गुळगुळीत, माणसं तुरळक. ते जोडपं उतरलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि त्याने मला विचारलं, "मावशी, एअरपोर्टला इथून चालत जाता येतं का?" बॅगा घेऊन तरी नाही, असं मी सांगितलं. मग पुढची विचारपूस, रिक्षा, भाड्यावरून घासाघीस. मुंबई सेंट्रलहून निघाले होते बिचारे. खाडी ओलांडली, तीन गाड्या केल्या, आणि घोडं अडलं ते शेवटच्या त्या जराशा तुकड्यावर.

शांघायला चुंबकावर तरंगणारी गाडी आहे, तीस किलोमीटर आठेक मिनिटांत. तीसुद्धा शहराच्या कडेला एका स्टेशनवर सोडते आणि म्हणते, आता पुढे साधी मेट्रो बघा. म्हणजे हे दुखणं आपल्याच वाट्याला आलंय असं नाही.

मी तरघर स्टेशनच्या पुलावर उभी राहिले आणि डोंगर शोधायला लागले. उलव्याचा डोंगर आता नाही हे माहीत होतं. त्याच्यावर सुरुंग लावून, सुमारे ९० मीटर उंचीचा तो सगळा खडक फोडून त्याच भरावावर धावपट्टी केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. ठाऊक असलं तरी डोळा सवयीने त्या जागी जातोच. लहानपणी पनवेलला आत्याकडे जाताना एसटीच्या खिडकीतून उजव्या हाताला तो दिसला की पाऊस कुठवर आलाय ते आई त्यावरून सांगायची. इथे दहा गावं होती. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, गणेशपुरी, वाघिवली, तरघर... माणसं घरं उतरवून, देव उचलून पुष्पकनगरला आणि आसपास गेली. साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज त्यांना मिळालं आणि त्याच्यामागे जुना हिशेब आहे. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व उभं राहिलं. २०२१च्या जूनमध्ये याच विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून इथल्या लोकांनी मानवी साखळी केली, सिडको भवनावर धडकले, तेव्हा शहरातले काही ओळखीचे मला म्हणाले, नावासाठी एवढं कशाला? जमीन दिलेल्या माणसाला काय जवळ आणि काय लांब! विमानतळ त्याच्या चुलीवर आलंय.

जपानात नारिताला हेच झालं होतं. १९६६मध्ये ठरलं, शेतकरी हटेनात, मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली, आणि विमानतळ उघडायला १९७८ उजाडलं. टोकियोपासून साठेक किलोमीटर. त्यात पुन्हा रेल्वेचं स्टेशन टर्मिनलपासून दूर, तिथून बस. गाडी थेट टर्मिनलच्या पोटात शिरायला १९९१ लागलं. तेरा वर्षं लोक बॅगा घेऊन त्या बसमध्ये चढ-उतार करत होते. आता छत्तीस मिनिटांत टोकियोतलं निप्पोरी गाठणारी गाडी आहे आणि कुणाला ती तेरा वर्षं आठवत नाहीत. हे वाचून मला धीरही आला आणि रागही. तेरा वर्षांनी मी सत्तरीत असेन आणि तेव्हाची माझी बॅग कोण उचलणार आहे?

अटल सेतूमुळे मुंबईवाल्यांची सोय झाली, हे मान्य. शिवडीला चढा, एकवीस-बावीस किलोमीटर सरळ, खाली भरतीचं पाणी, नशीब असेल तर रोहित पक्षी. पण मोटार असेल तर. जाताना २५० रुपयांचा टोल द्यायची तयारी असेल तर. भाऊजींचा मुलगा एकदा त्या वाटेने गेला आणि "अरे, आलं पण!" म्हणाला. भाऊजींनी तो पुरावा मान्य केला नाही. मुलगा गाडी फार जोरात चालवतो, असं त्यांचं म्हणणं.

डिसेंबर २०२५च्या पंचवीस तारखेला बंगळुरूचं पहिलं विमान इथे उतरलं, तेव्हा सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच विमानं होती. तोवर सगळं सोपं होतं, कारण त्या वेळात लोकल असतात. आमच्या मागच्या गल्लीतली पूनम तिथे ग्राउंड स्टाफमध्ये लागली. तिची आई आमच्याकडे पेढे घेऊन आली आणि म्हणाली, सहारला लागली असती तर मी पाठवलीच नसती, एवढ्या लांब मुलगी कशी जाणार? तेव्हा मला भाऊजींना फोन लावून द्यावासा वाटला होता. पण पूनमचं गणित पुढे वेगळंच निघालं. परवा ती जिन्यात भेटली. निळा स्कार्फ, केसांचा घट्ट अंबाडा, पायात घरच्या चपला आणि पिशवीत काळे बूट.

"पहाटेची शिफ्ट लागली की काकू, घरातून अडीचला निघते. तेव्हा ना लोकल, ना बस. मी, घणसोलीची एक आणि जुईनगरच्या दोघी, अशा चौघींनी मिळून रिक्षा ठरवलीये महिन्याच्या बोलीवर. पप्पा नाक्यापर्यंत सोडतात."

"आणि परत येताना?"

"परत येताना काय, गर्दीच्या लोकलने उभ्याने. ते चालतं." ती जरा थांबली. "ते मेट्रो, एलिव्हेटेड रोड वगैरे होईल तेव्हा होईल हो. मला विचाराल तर तीनची एक बस द्या. साधी. एसी नको. आम्ही पंचवीस-तीस पोरं तर आत्ताच आहोत ह्या पट्ट्यातली, आणि सफाईवाल्या बायका वेगळ्या. त्या तर आदल्या रात्रीच जाऊन बसतात."

कुठे बसतात, मी विचारलं.

"कुठे म्हणजे? बाहेरच. शिफ्ट लागेपर्यंत."